फ्रीझरमधून काढलेला केक: आयसिंग कधी करायचं आणि कसं

ऑगस्ट महिन्यात डोंबिवलीत ओट्यावर उघडं राहिलेलं मीठ दुपारपर्यंत ओलं होतं. अशाच एका ऑगस्टमध्ये मी अडीच किलोचा दुमजली केक केला होता. पांढरा फॉन्डन्ट, म्हणजे पोळीसारखं लाटून चढवायचं साखरेचं आवरण, आणि त्यावर गडद निळ्या चांदण्या. स्पंज दोन दिवस आधी भाजून फ्रीझरमध्ये ठेवलेले होते. सकाळी ते काढले, तासाभरात थर लावले, बटरक्रीमचा हात फिरवला, फॉन्डन्ट चढवला, चांदण्या चिकटवल्या. साडेअकराला पाहिलं तर प्रत्येक चांदणीखालून एक बारीक निळा ओघळ खाली निघाला होता. टिश्यूने टिपायला गेले, तर टिश्यूला फॉन्डन्टच चिकटून आला. शेवटी सगळं वरचं आवरण काढून साधं बटरक्रीम लावून केक दिला. वाढदिवस असलेल्या मुलीला चांदण्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. ते मला अजून लागतं.

पण त्याच संध्याकाळी निरोप आला, की केक फार मऊ होता, उरलाच नाही. म्हणजे फ्रीझरने केकचं काही बिघडवलं नव्हतं. त्याचा गारवा पुरेसा उतरायच्या आत मी घाई केली, त्याने बिघडलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीही पहिल्या दिवशी हेच विचारतात, "ताई, फ्रीझरमधल्या केकवर आयसिंग टिकतं का?" टिकतं, आणि नीट केलं तर ताज्या केकपेक्षा जास्त सफाईदार होतं. प्रत्येक आयसिंगला केक किती गार लागतो, एवढं मात्र माहीत हवं.

फ्रीझरमध्ये का, आणि फ्रीजमध्ये का नाही

बरेच जण भाजलेला स्पंज रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो कोरडा लागला की ओव्हनला दोष देतात. मैद्यातला स्टार्च भाजताना पाणी शोषून फुगतो आणि गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट होऊ लागतो. पाव शिळा होतो तो यामुळेच. ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे ० ते ५ अंशांच्या आसपास, सगळ्यात जोरात चालते. उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. म्हणून बिनाआयसिंगचा स्पंज ठेवायचा तर एक दिवस बाहेर, नीट गुंडाळून. त्याहून जास्त ठेवायचा तर थेट फ्रीझरमध्ये. एकदा क्रीम लागलं की मात्र केकला फ्रीज लागतोच, तेव्हा सिरप आणि वरचं आवरण त्याला सांभाळून घेतात.

बटरचा केक आणि तेलाचा केक यांतला फरकही लक्षात ठेवा. बटर गारव्यात घट्ट होतं, त्यामुळे बटरचा केक फ्रीझरमधून आल्यावर बराच वेळ कडक वाटतो. तो शिळा झालेला नसतो, त्याला खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्यायचा असतो. तेलाचा चॉकलेट स्पंज गार असतानाही मऊ लागतो. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा स्पंज फार भुसभुशीत असतो, हातात घेतला की कडा तुटतात. त्याच्यासाठी तर फ्रीझर वरदान आहे.

फ्रीझरमध्ये जाण्याआधी

केक पूर्ण निवलेला हवा. वरून हात लावून समजत नाही. तो उलटा करा आणि तळाच्या मधोमध तळहात टेकवा. तिथे जराही ऊब लागली तर अजून थांबा. कोमट केक गुंडाळला की आतली वाफ कोंडते, तिचा बर्फ होतो आणि सुटताना तोच बर्फ केकच्या पृष्ठभागाचा चिखल करतो.

वरचा घुमट आताच कापू नका, तो फ्रीझरमधून काढल्यावर कापायला सोपा जातो. केक बटर पेपरवर ठेवा आणि क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्या, एक उभा आणि एक आडवा. फिल्म केकला चिकटून बसली पाहिजे, मध्ये हवा राहिली तर तिथे बर्फाचे कण जमतात. वरून अॅल्युमिनियम फॉइल किंवा झिप लॉकची जाड पिशवी. फॉइल चुकवू नका, कारण क्लिंग फिल्ममधून वास जातो. आमच्याकडे फ्रीझरच्या एका कप्प्यात बोंबील आणि कोळंबी असते, आणि व्हॅनिला केकला बोंबलाचा वास लागायला एक आठवडा पुरतो. शक्य असेल तर केकचा कप्पा वेगळाच ठेवा.

पहिले दोन-तीन तास केक सपाट ताटावर राहू द्या. मटारच्या पिशवीवर तिरका ठेवलेला केक तिरकाच गोठतो आणि नंतर कितीही क्रीम लावलं तरी तो तिरकेपणा लपत नाही. पिशवीवर तारीख, चव आणि घरगुती ओव्हनमधली भाजल्याची वेळ लिहा. साधा स्पंज मी महिन्याच्या आत वापरते. दोन महिन्यांपर्यंत तो खराब होत नाही, पण कडा कोरड्या पडू लागतात.

वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद असेल तर साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. पिशवीच्या आत एका बाजूला बर्फाचा गठ्ठा साचलेला दिसला, तर केक मध्ये वितळून पुन्हा गोठला आहे असं समजा. तो गिऱ्हाइकाला देऊ नका.

घाम कुठून येतो

माझ्या चांदण्यांचा ओघळ केकमधून आलाच नव्हता, तो हवेतून आला होता. गार पाण्याचा स्टीलचा पेला बाहेरून ओला होतो, तसाच गार केकही ओला होतो. हवेत जितकी वाफ जास्त, तितक्या कमी गारव्यालाही पाणी सुटतं.

हे आकड्यांत पाहिलं की नीट समजतं. मुंबई-ठाण्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर २५ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. म्हणजे केक नुसता हाताला थोडा थंड लागत असला तरीही. तोच केक एसी लावलेल्या खोलीत ठेवा, २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असलेल्या, तर तिथे तो साधारण १४ अंशांच्या खाली असेपर्यंतच घामेजतो. नागपुरात मेमध्ये ४३ अंश असतात पण हवा कोरडी, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. तिथे ११ अंशांपर्यंत केक कोरडा राहतो. विदर्भातल्या बेकरची अडचण वेगळी, त्यांचं बटरक्रीम वितळतं. म्हणून एकीच्या गावी चाललेली कृती दुसरीच्या गावी चालेलच असं नाही. व्हिडिओ पाहून कृती उचलण्याआधी तो कुठल्या हवेत केला आहे हे बघा.

पावसाळ्यात माझा एकच नियम आहे. आयसिंग बंद खोलीत, एसी अर्धा तास आधी लावून. एसी नसेल तर रात्री उशिरा खिडक्या बंद करून, आणि स्वयंपाकघरात नको, कारण तिथे कुकरची वाफ असते. भात शिजत असताना फॉन्डन्टला हात लावायचा नाही.

केक सोडवणं

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की केक गुंडाळलेलाच सुटू द्यायचा. फॉइल काढा, क्लिंग फिल्म तशीच ठेवा. हवेतलं पाणी फिल्मच्या बाहेरच्या अंगाला जमेल आणि केक आत कोरडा राहील. फिल्म काढण्याआधी कोरड्या सुती कापडाने सगळीकडून पुसून घ्या, तळही पुसा. फिल्म सोडवताना बाहेरचं पाणी केकवर सांडणार नाही अशी, कडा बाहेरच्या बाजूला दुमडत सोडवा. हे एवढंसं काम नीट झालं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

वेळ केकच्या जाडीवर ठरते. एक इंच जाडीचा सुटा थर खोलीत पाऊण तासात सुटतो. आठ इंच व्यासाच्या, दोन ते अडीच इंच उंचीच्या अखंड स्पंजला दीड-दोन तास लागतात. घाई नसेल तर रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये सरकवा, सकाळी तयार. मायक्रोवेव्ह नको, त्यात कडा रबरासारख्या होतात आणि मध्ये बर्फ तसाच राहतो.

घड्याळापेक्षा टूथपिकवर विश्वास ठेवा. मधोमध हळू खुपसा. आत करकर लागली आणि टूथपिक अडली, तर केक गोठलेला आहे. वरून सहज गेली आणि शेवटच्या अर्ध्या इंचात जड लागली, तर अर्धवट सुटलेला. बर्फीत सुरी जावी तशी सरळ तळापर्यंत गेली पण टूथपिक ओठाला गार लागली, तर फ्रीजइतका गार. पुढे मी गोठलेला, अर्धवट आणि गार असे तीन शब्द वापरणार आहे ते या अर्थाने.

अर्धवट सुटलेला केक, म्हणजे कापायची वेळ

फ्रीझरमधून काढल्यावर साधारण पाऊण तासाने बाहेरचा इंचभर भाग मऊ आणि मधला घट्ट असतो. सुरी यावेळीच घ्या. दातेरी, लांब पात्याची ब्रेडची सुरी, केक टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या पाटावर. आधी कडेने चारी बाजूंनी अर्धा इंच खोल खूण करून घ्या, मग टर्नटेबल फिरवत सुरी आत न्या. ताज्या स्पंजचा चुरा ओंजळभर पडतो, याचा चिमूटभर. आकाराचे केक कोरायचे असतील, गाडी, बाहुलीचा घेर, मराठी १ किंवा ५ चा अंक, तर तेही आताच. पूर्ण गोठलेल्या केकवर जोर लावू नका. सुरी घसरते आणि हात कापतो, शिवाय केकला तडा जातो.

थर वेगळे केल्यावर ते लवकर सुटतात. आता शुगर सिरप. १०० ग्रॅम साखर आणि १५० मिली पाणी, एक उकळी, पूर्ण गार. आठ इंची थराला दोन ते तीन मोठे चमचे पुरतात, बिनअंड्याच्या स्पंजला त्याहून कमी. गोठलेल्या थरावर सिरप ओतू नका. ते आत न मुरता वरच गोठतं आणि नंतर एकदम सुटून खालच्या थरात उतरतं, मग केक काचेच्या पेटीत ठेवल्यावर बोर्डवर पाण्याची कड दिसते. कडेला जास्त आणि मध्ये कमी लावा, कारण फ्रीझरमध्ये आधी कडा कोरड्या पडतात.

थर एकावर एक लावले की केकला बसू द्या. ही पायरी सगळ्यात जास्त जण गाळतात. स्पंजमध्ये आणि थरांमध्ये हवा असते. केक गार असताना ती आकसलेली असते, गरम होत गेला की फुगते. वरून बटरक्रीम किंवा फॉन्डन्टचं घट्ट आवरण असेल तर हवेला वाट मिळत नाही आणि केकच्या बाजूला अचानक लिंबाएवढा फुगा येतो. फॉन्डन्टच्या केकवर तो रात्री दोन वाजता दिसला की काय वाटतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. उपाय सोपा आहे. थर लावलेला केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा, वर एक सपाट हलकी थाळी ठेवा आणि चार-पाच तास, जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. उंच केक असेल तर आयसिंगच्या आधी जाड स्ट्रॉने वरून तळापर्यंत मधोमध एक भोक पाडते, हवा तिथून निघून जाते. फुगा आलाच तर बारीक सुईने तिरकं टोचा, बोटाच्या पोटाने भोकाच्या दिशेने हवा दाबत आणा, वर आयसिंगचा ठिपका.

मग क्रंब कोट, म्हणजे चुरा धरून ठेवणारा पहिला पातळ थर. केक गार असेल तर हा थर लगेच घट्ट होतो. पंधरा-वीस मिनिटं फ्रीज, आणि मग मुख्य आयसिंग.

कुठल्या आयसिंगला किती गार केक

व्हिपिंग क्रीम आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जातं, म्हणजे नॉन-डेअरी, पाम तेलाच्या फॅटचं. ते स्वतःच गोठलेलं येतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये सोडून पूर्ण वितळू द्या आणि ७ ते १० अंशांना असताना गार भांड्यात मध्यम वेगावर फेटा. पाकिटातलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. एक किलोच्या केकला साधारण ३०० ग्रॅम न फेटलेलं क्रीम लागतं.

या क्रीमला केक गार हवा, गोठलेला नको. गोठलेल्या केकवर क्रीमचा आतला थर लागल्या लागल्या कडक होतो, स्क्रॅपर, म्हणजे क्रीम सपाट करायची पट्टी, फिरवला की तो रवाळ होऊन फाटतो आणि आपण जितकं नीट करायला जातो तितकं बिघडतं. बाहेर ३० अंश तापमान असेल तर मात्र मी केक अर्धवटच्या जवळपास असताना सुरू करते, कारण हात चालेपर्यंत तो गार या पायरीला येतोच. क्रीम मऊ टोकं येईपर्यंतच फेटा. हलवताना आणि पसरवताना ते आणखी घट्ट होतं. फुलांसाठी बाजूला काढलेलं तेवढं नंतर थोडं आणखी फेटा.

बटरक्रीम २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि दोन-तीन चमचे दूध असं साधं घेते. बटर गारव्याने आखडतं, म्हणून गोठलेल्या केकवर ते चिकटतच नाही; पापुद्रा धरतो आणि केक सुटला की पापुद्र्याला तडे जातात. केक गार, क्रीम मऊ, आणि हात जलद. पृष्ठभाग खरबरीत राहिला तर घाबरू नका. केक फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, स्टीलचा स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवून पुसून कोरडा करा आणि एकच हलका हात फिरवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात अर्धं बटर आणि अर्धं व्हेजिटेबल शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट वनस्पती फॅट, घेतलेलं बरं. चव थोडी उतरते, पण केक उभा राहतो.

गनाशला माझी पहिली पसंती आहे, विशेषतः पावसाळ्यात आणि फॉन्डन्टच्या खाली. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग, वजनाने. पांढरं चॉकलेट तीन भाग, क्रीम एक भाग. रात्रभर झाकून ठेवा. लावताना ते श्रीखंडापेक्षा किंचित घट्ट असावं. गोठलेल्या केकवर गनाश दोन-तीन सेकंदांत आवळतं आणि स्पॅच्युलाच्या रेघा तशाच राहतात, म्हणून इथे केक जवळजवळ खोलीच्या तापमानाला आलेला हवा. सगळ्यांत कमी गारवा लागणारं आयसिंग हेच.

ड्रिप करताना उलट. कडेवरून ओघळणारं चॉकलेट मधेच थांबायला केकचा पृष्ठभाग गार लागतो. आयसिंग झालेला केक वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, समान भागांचं डार्क गनाश ३२ अंशांच्या आसपास, म्हणजे खालच्या ओठाला ना गरम ना गार लागेल असं. आधी एक स्टीलचा पेला फ्रीजमध्ये गार करून त्याच्या कडेवर एक थेंब सोडून पाहा. थेंब तळापर्यंत पळाला तर गनाश गरम आहे, बोटभरही खाली गेला नाही तर पेला आणि केक दोन्ही फार गार आहेत. पेल्यावर जी लांबी येते जवळपास तीच केकवर येते.

पूर्ण गोठलेला केक मागणारं एकच काम आहे, मिरर ग्लेझ, म्हणजे वरून ओतायचं आरशासारखं चकचकीत आवरण. तिथे मूस केक उणे १८ अंशांवरून थेट बाहेर यायला हवा आणि ग्लेझ ३२ ते ३५ अंशांवर हवं. ओतण्याआधी केकवर धुक्यासारखा पांढरा बर्फ दिसतो, तो तळहाताने हलक्या हाताने पुसून टाका. नाहीतर ग्लेझ त्यावरून सरकून खाली उतरतं. यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात, तेव्हा शाकाहारी घरच्या ऑर्डरला आधी विचारा.

फॉन्डन्ट

साखर हवेतलं पाणी ओढते आणि फॉन्डन्ट जवळजवळ सगळी साखरच आहे. त्यामुळे गार केक आणि दमट हवा एकत्र आली की तो चमकू लागतो, मग चिकट होतो, मग रंग सोडतो. लाल, काळा आणि गडद निळा हे सगळ्यात आधी उतरतात.

केक सुटलेला, बसलेला आणि गनाशने बांधलेला असला पाहिजे. तो फ्रीजमधून काढून एसीच्या खोलीत पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत थांबा. बोटांच्या पाठीने गनाशला स्पर्श करा, बोट ओलं झालं नाही तर पुढे चला. फॉन्डन्ट चिकटण्यापुरतं पाण्याचं बोट किंवा शुगर सिरप अगदी पातळ लावा. लाटताना जाडी ३ ते ४ मिलिमीटर. पातळ फाटतो, जाड ओघळतो. ओट्यावर मैदा नको, कॉर्नफ्लॉवर आणि आयसिंग शुगर अर्धं-अर्धं, तेही मलमलच्या पुरचुंडीतून.

तयार केक फ्रीजमध्ये ठेवायचाच असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पुठ्ठा ओलावा पितो, प्लास्टिकचा डबा आत कोंडतो. बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका; एसीत तासभर बंद राहू द्या, पाणी खोक्यावर जमेल. तरी केक घामेजला तर हात लावू नका, टिपू नका. पंखा लांबून सोडा. तासाभरात पाणी उडून जातं आणि थोडी चमक सोडली तर खूण राहत नाही. मी त्या दिवशी टिश्यू लावला नसता तर पांढरा भाग तरी वाचला असता.

फॉन्डन्टच्या बाहुल्या, फुलं, अक्षरं फ्रीझर-फ्रीजला कधीच दाखवू नका. त्या दोन-तीन दिवस आधी करून पुठ्ठ्याच्या डब्यात वाळवा. व्हिपिंग क्रीमच्या केकवर ठेवायच्या असतील तर मागे वितळलेल्या चॉकलेटचा पातळ लेप द्या, तो वाळला की क्रीमचं पाणी आत शिरत नाही. पुढच्या वर्षी त्याच घरून पुन्हा चांदण्यांची मागणी आली. मी चांदण्या वेगळ्या डब्यात घेऊन गेले आणि त्यांच्या बैठकीत, मेणबत्त्या लावण्याआधी अर्धा तास, एकेक चिकटवली. मुलगी शेजारी उभी राहून कुठली कुठे ते सांगत होती.

फोटो केकचा छापील कागदही याच कुळातला. क्रीमवर तो ठेवला की ओलावा ओढून बसतो, ते चांगलं; पण वरून घाम आला तर शाई पसरते आणि चेहरा बिघडतो. फोटो शेवटी लावा, गार पण कोरड्या क्रीमवर, आणि त्यानंतर केक सारखा आत-बाहेर करू नका.

आयसिंगसकट फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर

बटरक्रीम, गनाश आणि नॉन-डेअरी क्रीम हे चालतं. दुधाचं खरं क्रीम सुटताना पाणी सोडतं, ताजी फळं तर चिखल होतात; आंब्याच्या, स्ट्रॉबेरीच्या फोडी नेहमी शेवटच्या दिवशी. केक आधी उघडाच दोन तास गोठवा, आयसिंग बोटाला कडक लागलं की मगच गुंडाळा. सोडवताना इथे नियम बदलतो. फिल्म केक गोठलेला असतानाच काढा, नाहीतर मऊ झालेलं आयसिंग तिच्याबरोबर येतं, आणि लगेच केक बंद खोक्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. क्रीमचा केक एकदा सुटला की पुन्हा गोठवायचा नाही.

शनिवारच्या संध्याकाळचा केक

मंगळवारी किंवा बुधवारी भाजून फ्रीझरमध्ये. गुरुवारी रात्री आठला फ्रीझरमधून काढते, पावणेनऊला कापते, सिरप, थर, फिल्म, थाळी, आणि रात्रभर फ्रीज. शुक्रवारी सकाळी क्रंब कोट, दुपारी मुख्य आयसिंग. शनिवारी फक्त फुलं, फोटो, अक्षरं. सगळं शनिवारी करणाऱ्या मैत्रिणींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण गार केकला घाई कळत नाही.

खोक्याबरोबर मी फोनवर निरोप पाठवते: केक घरी पोचला की खोक्यासकट फ्रीजमध्ये ठेवा. व्हिपिंग क्रीमचा असेल तर कापायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, बटरचा असेल तर तास-दीड तास आधी, नाहीतर तो कडक लागेल. बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. वर पाण्याचे थेंब दिसले तर पंखा लावा आणि कुणालाही टिपू देऊ नका.